रुग्णालयाच्या दारापर्यंतचे नेतृत्व

(सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की एक मागणी हमखास पुढे येते : आमच्या गावाला रुग्णवाहिका हवी. मागणी रास्तच आहे. रात्री-अपरात्री सर्पदंश झालेला शेतकरी, अडलेली बाळंतीण, घाटात उलटलेल्या टेम्पोतील जखमी मजूर यांना रुग्णालयापर्यंत नेण्यासाठी वाहन हवे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या मागणीच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारला जावयास हवा आणि तो क्वचितच विचारला जातो. त्या वाहनात रुग्णाशेजारी बसून कोण येणार? त्याला काय येते? आणि जे येते ते करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला आहे?

रुग्णालयाच्या चार भिंतींत कोणी कोणास सांगावयाचे, हे ठरलेले असते. वरिष्ठ डॉक्टर, कनिष्ठ डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय अशी उतरंड तेथे असते; प्रकाश असतो, उपकरणे असतात, आणि शंका आली तर विचारण्यास शेजारी कोणीतरी असते. रस्त्याच्या कडेला यांपैकी काहीच नसते. काळोख असतो, पन्नास माणसांचा घोळका असतो, प्रत्येकाचा वेगळा सल्ला असतो आणि रुग्णाचा भाऊ दंडाला धरून ओढत असतो. अशा वेळी गाडीतून जो माणूस उतरतो, त्याच्यावर त्या क्षणापुरती सारी जबाबदारी येऊन पडते. त्या माणसाला पॅरामेडिक म्हणतात. आपल्याकडे सरकारी कागदपत्रांत त्यासाठी 'निमवैद्यकीय कर्मचारी' हा शब्द रूढ आहे. हा शब्द थोडा दुर्दैवीच म्हणावा लागेल. 'नीम हकीम खतरे जान' या म्हणीतला 'नीम' आणि हा 'निम' मुळात एकच. दोहोंचा अर्थ अर्धा. ज्याने पहिली दहा मिनिटे निभावून न्यावयाची, त्याला आपण नावानेच अर्धे करून टाकले आहे. त्याच्या अंगी वैद्यकीय निर्णयाचे नेतृत्व यावे अशी अपेक्षा मात्र पूर्ण बाळगतो.

हे नेतृत्व जन्मजात असते की शिकवता येते? या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या शतकापूर्वी अमेरिकेतील एका औद्योगिक शहरात, आणि तेही कोणाची अपेक्षा नसलेल्या माणसांच्या हातून मिळाले. ती हकीकत विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

पिट्सबर्गची हकीकत

पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर. १९६० नंतरच्या दशकात तेथे कोणी रस्त्यात कोसळला तर पोलिसांची गाडी येई. शिपाई रुग्णाला मागच्या बाजूस स्ट्रेचरवर घालीत, दोघेही पुढे जाऊन बसत आणि गाडी रुग्णालयाच्या दिशेने पिटाळीत. मागे रुग्ण एकटा. वाटेत त्याचा श्वास अडला तर तो कोणाला कळणार? अमेरिकेतल्या अनेक गावांत त्या काळी अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्यांच्या गाड्याच रुग्णवाहिकेचे काम करीत, कारण माणूस आडवा झोपवता येईल एवढी लांब गाडी त्यांच्यापाशीच असे. श्रीमंत आणि प्रगत म्हणवणाऱ्या देशातली ही स्थिती होती, हे आपण ध्यानात ठेवावे. १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यू व अपंगत्व यांविषयी एक अहवाल काढून या दुरवस्थेकडे देशाचे लक्ष वेधले.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पिट्सबर्गचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स एका प्रचारसभेत भाषण करता करता कोसळले. त्यांनाही पोलिसांच्या गाडीतूनच न्यावे लागले. हृदय पुन्हा चालू झाले, परंतु मेंदूला पुरेसा वेळ प्राणवायू न मिळाल्याने शुद्ध परत आली नाही आणि काही दिवसांनी त्यांचा अंत झाला. ज्या शहराचा कारभार त्यांनी केला, त्या शहराजवळ त्यांच्यासाठीही याहून बरी सोय नव्हती.

या शहरात पीटर साफर नावाचे भूलतज्ज्ञ होते. मूळचे व्हिएन्नाचे. श्वास थांबलेल्या माणसाच्या तोंडात तोंडाने हवा फुंकून त्याला जगवता येते आणि हे काम डॉक्टर नसलेली सामान्य व्यक्तीही शिकू शकते, हे त्यांनी १९५० नंतरच्या दशकात बाल्टिमोर येथे प्रयोगांनी सिद्ध केले होते. शाळा-महाविद्यालयांतून हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचे प्रात्यक्षिक ज्या बाहुलीवर दाखवतात, तिच्या निर्मितीमागेही त्यांची प्रेरणा होती. १९६६ मध्येच त्यांची शाळकरी मुलगी दम्याच्या झटक्याने दगावली. रुग्णालयाबाहेर पहिल्या काही मिनिटांत योग्य उपचार व्हावयाचे तर गाडीत शिकलेली माणसे हवीत, ही त्यांची धारणा त्यानंतर अधिकच दृढ झाली.

ही माणसे आणावयाची कोठून? पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत 'फ्रीडम हाऊस' नावाची संस्था रोजगारासाठी झटत होती. तेथल्या तरुणांना शहरातील इतर लोक 'नोकरीस अयोग्य' म्हणत. अनेकांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले. काही जण व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेले. काहींच्या नावे पोलिसांत नोंदी. साफर, फॉक वैद्यकीय निधीचे प्रमुख फिल हॅलन आणि ही संस्था यांनी मिळून १९६७ मध्ये ठरवले की रुग्णवाहिकेची माणसे येथूनच घ्यावयाची.

त्यांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण देण्यात आले. त्या काळी गाडीवरील माणसाला प्रथमोपचाराची तोंडओळख असली तरी पुष्कळ समजत. येथे शरीररचना व शरीरक्रिया, श्वासमार्ग मोकळा ठेवण्याच्या पद्धती, पुनरुज्जीवन, शुश्रूषा आणि सुरक्षित वाहनचालन असा भरगच्च अभ्यासक्रम होता. १९६८ पासून गाड्या रस्त्यावर आल्या. पहिल्याच वर्षी सुमारे ५,८०० हाकांना या पथकांनी ओ दिली. १९७२ मध्ये गंभीर रुग्णांच्या बाबतीत कोणाचे उपचार कितपत बरोबर होतात, हे तपासून पाहण्यात आले. फ्रीडम हाऊसच्या माणसांनी केलेले उपचार ८९ टक्के प्रसंगी योग्य ठरले; पोलिसांचे प्रमाण ३८ टक्के आणि स्वयंसेवी रुग्णवाहिकांचे १३ टक्के भरले. 'अयोग्य' ठरवलेल्या तरुणांची ही गुणपत्रिका होती.

अधिकारवाणी कोठून आली?

जॉन मून हा त्या वेळी एका रुग्णालयात ऑर्डर्लीचे काम करणारा तरुण. म्हणजे आपल्याकडील वॉर्डबॉयच. एके दिवशी फ्रीडम हाऊसची दोन माणसे रुग्णाला घेऊन आत आली. त्याच्यासारखीच कृष्णवर्णीय, पण ती रुग्णाविषयी बोलत होती, सूचना देत होती आणि डॉक्टर-परिचारिका त्यांचे ऐकून घेत होत्या. हे दृश्य मूनच्या मनावर असे कोरले गेले की तोही पुढे त्या पथकात दाखल झाला. या प्रसंगात जी गोष्ट त्याला दिसली, तिलाच आज वैद्यकीय शिक्षणशास्त्रात 'क्लिनिकल लीडरशिप' म्हणतात. त्या दोघांजवळ पदवी नव्हती, हुद्दा नव्हता, गणवेषाचा दबदबाही नवाच होता. होती ती केवळ रुग्णाविषयीची नेमकी माहिती, आणि ती स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य.

हे धैर्य टिकावे कसे, याची व्यवस्था १९७४ मध्ये नॅन्सी कॅरोलाइन या तरुण डॉक्टर बाईंनी लावली. साफर यांच्याकडे अतिदक्षता वैद्यकाचे शिक्षण घेण्यास त्या आल्या आणि फ्रीडम हाऊसच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्या कार्यालयात बसून राहिल्या नाहीत. पथकाबरोबर गाडीत बसून त्या रस्त्यावर जात, आणि प्रत्येक फेरीनंतर काय दिसले, काय केले, काय राहिले, याची पथकाबरोबर चर्चा करीत. चूक झाली तर ती कोणाची यापेक्षा ती का झाली, याला त्यांच्या लेखी महत्त्व होते. या अनुभवावरून अमेरिकेच्या केंद्रीय परिवहन खात्यासाठी त्यांनी पॅरामेडिकांचा राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार केला आणि पुढे रस्त्यावरील आपत्कालीन उपचारांवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक या क्षेत्रातील प्रमाणग्रंथ ठरले. हिल डिस्ट्रिक्टच्या गल्लीबोळांत जे पडताळले गेले, ते अशा रीतीने देशभर वर्गांतून शिकवले जाऊ लागले.

नेतृत्व म्हणजे नेमके काय?

येथे जरा थांबून हा विषय प्रत्यक्ष कामाच्या अंगाने पाहिला पाहिजे, कारण 'नेतृत्व' हा शब्द आपल्या कानांना सभा-मोर्च्यांतून इतका परिचित झाला आहे की त्याचा वेगळा अर्थ चटकन ध्यानात येत नाही.

एस.टी. स्थानकावर एक गृहस्थ अचानक कोसळले आहेत, असे समजा. श्वास नाही, नाडी लागत नाही. मेंदूला रक्तपुरवठा थांबल्यापासून चार-सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. गाडीतून दोघे उतरतात. अशिक्षित पथकात दोघेही छातीवर दाब देण्यास धावतील, किंवा दोघेही पेटी उघडीत बसतील. शिक्षित पथकात एक जण नेता असतो. तो दाब देण्याचे काम सहकाऱ्याला, आणि लोकांत कोणी जाणता सापडल्यास त्यालाही, नेमून देतो. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढाची छाती किमान पाच सेंटिमीटर दबेल असा दाब द्यावयाचा असतो. हे दमछाक करणारे काम आहे. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. घड्याळाकडे लक्ष ठेवणे, बदलाची हाक देणे, हृदयाला विजेचा झटका देण्याचे यंत्र जोडून घेणे, गर्दी मागे हटवणे, नातेवाइकाला चार शब्द सांगणे हे सारे नेत्याचे. स्वतःचे हात शक्य तेवढे मोकळे ठेवावेत म्हणजे डोळे सगळीकडे फिरतात, हा या शिक्षणातील एक महत्त्वाचा पाठ आहे. चांगल्या मुकादमाला हा पाठ कोणी न शिकवताही ठाऊक असतो.

दुसरा पाठ बोलण्याचा. 'कोणीतरी ऑक्सिजन लावा' असे म्हटले तर बहुधा कोणीच लावीत नाही. नाव घेऊन सांगावे, ज्याला सांगितले त्याने ते मोठ्याने पुन्हा उच्चारावे आणि झाल्यावर 'झाले' असे कळवावे, अशी शिस्त आहे. औषधाची मात्रा असेल तर ही शिस्त प्राणरक्षक ठरते. ज्यांनी रेल्वेच्या केबिनमध्ये किंवा जहाजावर काम केले असेल, त्यांना या पद्धतीचे नवल वाटणार नाही.

तिसरा पाठ सर्वांत अवघड, आणि आपल्या समाजात तर विशेषच अवघड. कनिष्ठाने वरिष्ठाला अडवण्याचा. समजा, अनुभवी डॉक्टर घाईत चुकीची बाटली उचलतात आणि ते सहायकाच्या ध्यानात येते. वयाने लहान, हुद्द्याने लहान, त्यातून साहेबांचा स्वभाव तापट. आपल्याकडे लहानांनी मोठ्यांपुढे बोलू नये, हे संस्कार पाळण्यापासूनचे. म्हणून प्रगत शिक्षणक्रमांत हे बोलणेच पायरीपायरीने शिकवले जाते. आधी विचारावे : 'सर, ही ॲड्रेनलिनची बाटली आहे ना?' उत्तर आले नाही तर सांगावे : 'सर, लेबल वेगळे दिसते आहे.' तरीही हात थांबला नाही तर निक्षून म्हणावे : 'सर, थांबा.' आणि वरिष्ठाला शिकवावयाचे ते हे की असे ऐकू आल्यास आधी थांबावे, मान-अपमानाचे नंतर पाहावे. मोठ्याने थांबण्यास शिकणे हाही नेतृत्वाचाच भाग आहे, नव्हे कदाचित मोठा भाग आहे.

मग रुग्णाला नेमके कोठे न्यावयाचे, हा निर्णय. बाहेरून तो साधा वाटतो. सर्पदंश झालेल्या मुलाला घेऊन गाडी निघाली आहे. पापण्या जड होऊ लागल्या आहेत, म्हणजे विषाचा परिणाम मज्जासंस्थेवर दिसू लागला आहे. आता श्वास मंदावण्याचा धोका. जवळचे केंद्र पाच किलोमीटरवर, पण तेथे प्रतिसर्पविष उपलब्ध आहे की नाही? दूरच्या रुग्णालयात ते आहे आणि कृत्रिम श्वासाची सोयही आहे, पण वाटेतच श्वास अडला तर? बाप म्हणतो, आधी देवळापाशी गाडी थांबवा. आजोबा म्हणतात, अमक्या डॉक्टरांकडेच चला. या वेळी कर्मचाऱ्याने वाद घालावयाचा नसतो आणि गप्पही बसावयाचे नसते. 'दादा, तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसा. आजोबा, तुम्ही मागे या, पोराचा पाय हलू देऊ नका. मी दवाखान्याला फोन लावतो, औषध आहे तिथेच आपण जातोय,' अशा चार वाक्यांत प्रत्येकाला काम मिळते, आणि निर्णय कोणाचा हेही कळून चुकते. अशी वाक्ये आयत्या वेळी सुचत नाहीत. ती सरावाने जिभेवर येतात.

शेवटी रुग्णालयाच्या दारातील हवाली. वय, वेळ, काय घडले, काय आढळले, काय उपचार केले, आता स्थिती कशी, एवढे मिनिटभरात सांगावयाचे आणि तेवढा वेळ आतल्या सर्वांनी ऐकावयाचे. पुष्कळ ठिकाणी काय होते? स्ट्रेचर आत जातो, कागदावर सही होते आणि रस्त्यात पाहिलेली सारी माहिती गाडीबरोबर परत जाते. फीट किती वेळ आली होती, रक्त किती गेले होते, औषध केव्हा दिले, हे सारे त्या परतणाऱ्या गाडीत. जॉन मूनने जे पाहिले ते दुसरे काही नव्हते. ही हवालीच होती.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. नेतृत्व म्हणजे मनास येईल ते करणे नव्हे. पॅरामेडिकने काय करावे आणि कोठे थांबावे, यासाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेले लेखी स्थायी आदेश असतात. त्यांच्या कक्षेत त्याने कोणाची वाट न पाहता काम करावयाचे आणि कक्षेबाहेर जाण्याची वेळ आली की दूरध्वनीवर डॉक्टरला विचारावयाचे. ही कक्षा अनुभव व शिक्षण यांनुसार वाढवता येते. ब्रिटनमध्ये २०१८ पासून प्रगत शिक्षण घेतलेल्या पॅरामेडिकांना स्वतः औषधे लिहून देण्याची मुभा मिळाली, ती या क्रमानेच.

जे घडवले ते मोडतेही

पिट्सबर्गच्या हकीकतीचा उत्तरार्ध सुखद नाही. फ्रीडम हाऊसला शहराच्या तिजोरीतून मिळणारा पैसा अपुरा आणि अनिश्चित असे. महापौर पीटर फ्लॅहर्टी यांच्या कारकिर्दीत शहराने स्वतःची रुग्णवाहिका सेवा उभारली आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये फ्रीडम हाऊस बंद झाले. त्याची माणसे शहराच्या सेवेत घेण्यात आली खरी. परंतु पथके फोडण्यात आली, अनुभवी माणसे नवख्यांच्या हाताखाली आली, परीक्षा व नियम यांच्या चाळणीतून अनेक जण गळाले. ज्यांच्या कामावरून देशाचा अभ्यासक्रम घडत होता, त्यांतील पुष्कळांना त्या कामातून बाहेर पडावे लागले. वर्णभेदाचा वाटा यात किती होता, हे त्या समाजाने पुढे स्वतःच मोकळेपणाने मांडले आहे. मून टिकून राहिला आणि त्या सेवेत सहायक प्रमुखाच्या पदापर्यंत चढला. मिचेल ब्राऊन हे आणखी एक सहकारी पुढे क्लीव्हलंडच्या आपत्कालीन सेवेचे प्रमुख झाले. गुणवत्ता होती, हे दोघांच्या वाटचालीवरून दिसतेच. शिक्षण तेच, माणसे तीच. अधिकार काढून घेतल्याबरोबर पथकाचे नेतृत्व संपले, ही बाब प्रशासनात काम करणाऱ्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

गडचिरोलीचा दाखला

अमेरिकेतल्या शहराची गोष्ट कोणास दूरची वाटेल. पण डॉक्टर नसलेल्या व्यक्तीच्या हाती निर्णय सोपवण्याचा याहून धाडसी प्रयोग आपल्याच राज्यात, गडचिरोली जिल्ह्यात झाला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांना नवजात अर्भकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करावयाचे, ते थंड पडू द्यावयाचे नाही, मिनिटभर श्वास मोजावयाचे. साठ किंवा त्याहून अधिक भरले तर ते धोक्याचे लक्षण. जंतुसंसर्ग ओळखता आला की पालकांची संमती घेऊन प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावयाचे. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नवजात अर्भकांच्या मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले होते.

या आरोग्यदूत स्त्रीच्या जागी क्षणभर स्वतःला कल्पून पाहावे. खोलीत बाळंतीण, तिची सासू, सुईण आणि शेजारच्या चार जाणत्या बायका. साऱ्या वयाने मोठ्या, साऱ्यांचे अनुभव दांडगे. त्यांच्यासमक्ष घड्याळ हाती धरून ती श्वास मोजते आणि म्हणते, 'काकी, बाळ आजारी आहे, सुई द्यावी लागेल.' या एका वाक्यामागे किती शिक्षण, किती देखरेख आणि किती विश्वास उभा असला पाहिजे! भारत सरकारने २०११ मध्ये गृहभेटींद्वारे नवजात बालकांच्या काळजीचा कार्यक्रम आशा कार्यकर्तींमार्फत देशभर हाती घेतला, त्याचे मूळ याच कामात आहे. इंजेक्शनाची जबाबदारी मात्र सर्वसाधारणपणे आशांकडे आली नाही. भेट पोचली, निर्णयाचा अधिकार पूर्णांशाने पोचला नाही.

आपल्या गाड्या, आपली माणसे

महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत उपकरणांच्या आणि ७०४ मूलभूत सोयींच्या होत्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा, हे या योजनेचे वैशिष्ट्य. डॉक्टर गाडीतच आहे म्हटल्यावर नेतृत्वाचा प्रश्न मिटला, असे वाटणे साहजिक आहे. पण तो केवळ रूप बदलतो. रुग्णालयात शिकलेल्या डॉक्टरला रस्त्याचे काम नव्याने शिकावे लागते. आणि पथकातील दुसरा माणूस म्हणजे चालक. या सेवेत त्याला 'पायलट' म्हणतात. वाटा त्याला ठाऊक, माणसांची पारख त्याला, स्ट्रेचरचे दुसरे टोक त्याच्या हाती. त्याने पाहिलेले डॉक्टरला सांगावे आणि डॉक्टरने ते ऐकावे, असे ज्या गाडीत घडते ती गाडी वेगळीच. केवळ गाडी हाकणारा आणि केवळ हुकूम देणारा अशी विभागणी जेथे पडते, तेथे दोन शिकलेली माणसे असूनही पथक एकच तयार होत नाही.

कायद्याच्या अंगाने अलीकडे काही पावले पडली आहेत. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा संसदेने २०२१ मध्ये केला आणि त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे पॅरामेडिक, यांचा उल्लेख आला. शिक्षणाचा दर्जा, नोंदणी आणि कामाची कक्षा ठरवण्यास त्यामुळे आधार मिळाला. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या भल्या माणसाला नाहक त्रास होऊ नये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात झाली. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हल्ल्यांना आळा घालणारा राज्याचा कायदा २०१० सालचा आहे. हे कायदे शिक्षकांनी वर्गात आणि सरपंचांनी चावडीवर समजावून सांगावेत, इतके सोपे आहेत.

तथापि पंचायतीचे खरे काम आणखी जवळचे आहे. गाडी उशिरा आली की सारा गाव पथकावर तुटून पडतो. उशीर का झाला, हे कोणी टिपून ठेवीत नाही. हाक किती वाजता गेली, गाडी किती वाजता पोचली, रुग्णाला कोठे नेले, पुढे काय झाले, यांची साधी वही ग्रामपंचायतीत असावी आणि तीन महिन्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, गाडीवरील डॉक्टर व पायलट, आशा आणि एक-दोन सदस्य यांनी ती समोर घेऊन बसावे. कॅरोलाइनबाई प्रत्येक फेरीनंतर करीत ती चर्चा हीच. दोष देण्यासाठी बैठक बोलावली तर दुसऱ्या वेळी कोणी खरे सांगणार नाही. एवढे पथ्य अध्यक्षस्थानी बसणाऱ्याने पाळावे. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी या वहीकडे कारवाईचे साधन म्हणून पाहू नये, हेही त्याच पथ्यात आले.

शिक्षकांकडे आणखी एक काम सोपवता येईल. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींना बाहुलीवर छातीदाबाचा सराव करवून घेणे एका दुपारचे काम आहे. साफर यांनी सामान्य माणसाकडून जे करवून दाखवले, ते ही मुले निश्चित करू शकतील. आणि गाडी पोचेपर्यंतची पहिली मिनिटे त्यांच्याच हातची असतात.

राहता राहिला गाडी वाडीवर पोचण्याचा प्रश्न. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात एकाच गावाच्या सात-आठ वाड्या असतात. गाडी मुख्य रस्त्यावर येऊन उभी राहते आणि फोनवर वाट विचारण्यात दहा मिनिटे निघून जातात. फाट्यावर वाडीच्या नावाची पाटी, रात्री तेथे एक दिवा, आणि हाक गेल्याबरोबर टॉर्च घेऊन फाट्यावर जाऊन उभा राहणारा, नाव ठरलेला एक माणूस. गाडी थांबली की त्याने पुढे बसावे, वाट दाखवावी, आणि दारात पोचल्यावर बाजूला होऊन पथकाला काम करू द्यावे.